ओढ्याला जागा द्यायची, पण कुणाची?

आमचा कट्टा म्हणजे सोसायटीच्या कंपाउंडची बुटकी भिंत. समोर मावशींची चहाची गाडी, मागे करंजाची रांग, आणि उताराने शे-सव्वाशे पावलं खाली गेलं की पुण्याचा आंबिल ओढा. मेच्या शेवटच्या शनिवारी जमलो तेव्हा ओढ्यात पोकलेन चालू होता. पावसाळ्याआधीची नालेसफाई. काढलेला गाळ काठावरच ढीग करून टाकला होता. त्यात गाद्या, थर्माकोल, नारळ, देवांच्या तसबिरींच्या चौकटी. वास पार कट्ट्यापर्यंत येत होता.

शिऱ्या सिव्हिल इंजिनियर, पावसाळी गटारांची कामं करतो. त्यानेच विषयाला तोंड फोडलं. "नुसता गाळ काढून काय उपयोग? एकदाच तळापासून काँक्रीट करून टाकायला पाहिजे. दोन्ही बाजूंना भिंती, तळ गुळगुळीत. पाणी सुसाट निघून जाईल."

"कुठे?" मास्तरांनी विचारलं. मास्तरांनी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलाय.

"कुठे म्हणजे? नदीला."

"नदीच्या आधी दांडेकर पूल आहे. वरून सुसाट सोडलेलं सगळं पाणी एकाच वेळी तिथे पोचणार. कात्रजच्या घाटातून निघालेलं पाणी पूर्वी दगडाला अडायचं, झाडाला अडायचं, वळणावर फिरायचं, तासाभराने खाली यायचं. तू त्याला घसरगुंडी करून देतोयस."

मावशी कप विसळत होत्या. त्या पुलाजवळच्या वस्तीत राहतात. मान वर न करता म्हणाल्या, "त्या रात्री घसरगुंडीच झाली होती. पाणी वाढलं असं झालंच नाही. आलं ते भिंतीसारखं आलं."

त्या रात्री म्हणजे २५ सप्टेंबर २०१९. पुण्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. कात्रजचा तलाव भरून वाहिला, ओढ्याने दोन्ही काठ सोडले. अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल... शहर आणि जिल्हा मिळून वीसहून जास्त माणसं गेली. टांगेवाला कॉलनीत भिंत पडून गेलेली माणसं त्यातलीच. मावशींनी सासूबाईंना माळ्यावर चढवलं, आणि मग रिकामा सिलिंडर तरंगत दाराशी येऊन खणखण आपटताना त्या बघत बसल्या. तो आवाज अजून कानात आहे म्हणतात. जोराचा पाऊस आला की त्या झोपत नाहीत. आम्ही वरच्या अंगाला राहणारे त्या रात्री खिडक्या लावून निवांत झोपलो होतो. मला ही गोष्ट टोचत राहते, आणि हा सगळा वाद लिहून काढायला बसलो तेही त्यामुळेच.

मी म्हटलं, "शिऱ्या, जगभर आता उलट चाललंय. काँक्रीट काढून नद्या मोकळ्या करतायत. निसर्गाधारित उपाय म्हणतात त्याला. सिंगापूरचं बिशान उद्यान बघ. कल्लांग नदीचा २.७ किलोमीटरचा सरळसोट सिमेंटचा कालवा होता. तो फोडून ३.२ किलोमीटरची वळणावळणाची नदी केली, २०१२ मध्ये खुली झाली. काठाची माती दगड आणि झाडांच्या मुळांनी धरून ठेवली. एरवी लोक पाण्याजवळ जाऊन बसतात, पाऊस वाढला की नदी बागेत पसरते आणि लोक वर सरकतात."

"माहितीये," शिऱ्या म्हणाला. "मी पण वाचलंय. पण ते उद्यान ६२ हेक्टरचं आहे. नदीला पसरायला शेजारी बाग होती. इथे ओढ्याच्या भिंतीला लागून मोरी, मोरीला लागून स्वयंपाकघर. कुठे पसरणार तुझी नदी? आणि कोरियातल्या सोलचं नाव घेऊ नकोस आता."

सोलचं नाव मी घेणारच होतो. चोंग्ग्येचॉन ओढ्यावरचा उड्डाणमार्ग पाडून २००५ मध्ये त्यांनी जवळपास ५.८ किलोमीटर पाणी पुन्हा उजेडात आणलं. शिऱ्याचं म्हणणं, "ते सुंदर आहे, पण त्यातलं बरंचसं पाणी हान नदीतून पंपाने आणून सोडतात. त्याला ओढा म्हणायचं की कारंजं, तूच ठरव."

हे त्याचं बरोबर होतं. परदेशातले फोटो दाखवून आपल्या गल्लीतलं काही ठरत नाही. आणि जागेचा मुद्दा तर टाळता येण्यासारखा नाहीच. ओढ्याला जागा द्या म्हणणं सोपं, पण काठावरची जागा आज कुणाच्या तरी पायाखाली आहे.

मावशींनी गॅस बारीक केला आणि सरळ विचारलं, "ओढ्याला जागा द्यायची म्हणजे आमचीच ना? दर वेळी तेच होतं. पूर आला की साहेब येतात, फीत लावून मोजतात, आणि म्हणतात तुम्ही ओढ्यात राहता. आमची खोली दहा बाय बाराची. त्याच काठावर वरच्या बाजूला गाड्या लावायला भराव टाकून एवढं मोठं मैदान केलंय, तिथे कुणी फीत लावत नाही."

थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. पोकलेनचा आवाज तेवढा येत होता.

माझं स्वतःचं मत त्या क्षणापासून बदललं, हे मला प्रामाणिकपणे सांगायचंय. तोपर्यंत मी ओढ्याचाच विचार करत होतो. काठ, झाडं, वळणं, खंड्या, बगळे. पण खालच्या माणसाला हलवून ओढ्याला जागा द्यायच्या आधी वरच्या प्रत्येकाने आपल्या अंगणातलं पाणी आपल्याकडे धरलं का, हे विचारायला नको का? वरून जितकं कमी आणि जितकं सावकाश पाणी येईल, तितकी खाली जागा कमी लागेल. तिथून पुढची चर्चा ओढ्यावरून आमच्या सोसायटीच्या पार्किंगवर आली.

आणि नेमक्या त्याच वेळी वहिनी फाटकातून बाहेर आल्या. वहिनी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी. पुढच्या रविवारच्या सभेत मागच्या पार्किंगला काँक्रीट करायचा विषय आहे, कोटेशन त्यांच्या हातातच होतं.

"वहिनी, पार्किंग केवढं आहे आपलं?" मास्तरांनी विचारलं.

"बाराशे चौरस मीटर. का?"

"एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. शंभर मिलिमीटर पडला तर बाराशे चौरस मीटरवर किती?"

मास्तर समोरच्याला उत्तर काढायला लावतात, ती सवय सुटलेली नाही. वहिनींनी हिशेब केला. "एक लाख वीस हजार लिटर."

"टँकर केवढ्याचा येतो आपल्याकडे?"

"दहा हजारांचा." मग त्या थांबल्या. "म्हणजे बारा टँकर."

एप्रिलपासून आमच्याकडे टँकर चालू आहेत. टँकरच्या बिलावरून मागच्या सभेत भांडण झालं होतं. एका मोठ्या पावसात बारा टँकर आपण फाटकातून उतारावर सोडतो, ते मावशींच्या दाराशी जातात, आणि सहा महिन्यांनी तेवढंच पाणी विकत घेतो. हे इतकं समोर असूनही मला स्वतःला कधी दिसलं नव्हतं. आणि हे फक्त पार्किंग झालं, गच्ची वेगळीच.

"मग शोषखड्डे घेऊ या," वहिनी लगेच म्हणाल्या. "चार खड्डे मारले की झालं."

इथे अण्णा बोलले. अण्णा तोवर गप्प होते. त्यांच्या वडिलांनी पहारीने विहिरी खणल्या, अण्णांनी बोअरची गाडी चालवली. या भागात खाली काय आहे हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसेल. "वहिनी, खड्डा मारायच्या आधी खाली काय आहे ते बघा. वर दोन-चार फूट माती, मग मुरूम. मुरूम पाणी पितो. त्याखाली मांजऱ्या, म्हणजे भोकाभोकाचा खडक, लागला तर नशीब, त्याच्या भोकांतून आणि सांध्यांतून पाणी आत जातं. पण काळा पाषाण लागला तर तुमचा शोषखड्डा म्हणजे हौद. पाणी भरून उभं राहील, डास होतील, आणि पुढच्या वर्षी तुम्हीच तो बुजवाल. तिकडच्या गल्लीत तेच झालंय."

"मग बोअरमध्ये सोडू."

"पार्किंगचं पाणी? त्यात गाड्यांचं ऑइल, टायरची घाण, कुत्र्यांची घाण. ते सरळ बोअरमध्ये सोडलंत तर स्वतःच्या हाताने पाणी नासवाल. बोअरमध्ये फक्त गच्चीचं पाणी, तेही पहिले एक-दोन पाऊस वाहून जाऊ देऊन, मग वाळू-खडीच्या गाळणीतून. पार्किंगचं पाणी मातीतूनच गेलं पाहिजे. मातीसारखी गाळणी नाही."

मी मध्येच म्हटलं, "म्हणजे माती उघडी ठेवली की झालं."

अण्णा उठले. मावशींकडची कप विसळायच्या पाण्याची बादली घेतली. पंधरा लिटरची असेल. फाटकाजवळच्या करंजाच्या बुंध्याला पार चिकटून सिमेंट केलंय, तिथे त्यांनी बादली ओतली. पाणी बुंध्याला वळसा घालून पेव्हर ब्लॉकवरून गटाराच्या जाळीत गेलं. झाडाला थेंबही मिळाला नाही. या करंजाला आम्ही दर उन्हाळ्यात पाइप लावून पाणी घालतो.

दुसरी बादली त्यांनी स्कूटर लावतो त्या उघड्या मातीवर ओतली. मला वाटलं, आता जिरणार. पाणी तिथेही जवळपास तसंच वाहिलं, फक्त जाताना लाल होऊन गेलं. इतकी वर्षं चाकांनी दाबून दाबून ती माती विटेसारखी झालेली.

तिसरी बादली वॉचमनच्या खोलीमागे. तिथे झाडलोटीचा पालापाचोळा वर्षानुवर्षं टाकला जातो, कुणी तिकडे फिरकत नाही. अण्णांनी बादली उपडी केली आणि सरळ करेपर्यंत पाणी दिसेनासं झालं. त्यांनी हाताने पाचोळा बाजूला केला. खाली काळी, भुसभुशीत, चहापत्तीसारखी माती, त्यात गांडुळं, आणि करंजाची केसांसारखी बारीक पांढरी मुळं. ऐन मे महिन्यात ओलसर. त्यांनी मूठभर उचलून वहिनींच्या हातावर ठेवली.

"ही माती पाणी पिते. नुसती उघडी असून भागत नाही, ती पोकळ पाहिजे. मुळं आणि किडे ती पोकळ करतात. पाचोळा रोज झाडून जाळलात की त्यांचं खाणं संपतं, माती मरते."

वहिनींनी ती माती बराच वेळ हातात धरली होती. वासही घेतला.

शिऱ्या मात्र ऐकेना, आणि त्याचा पुढचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो म्हणाला, "अण्णा, मान्य. रोजच्या पावसाला हे चालेल. पण त्या रात्रीचं काय? सप्टेंबरअखेर होता. महिनाभर पाऊस पडून माती आधीच टम्म भरलेली. भरलेला स्पंज आणखी पाणी घेत नाही. त्या रात्री तुमची काळी माती, पाचोळा, झाडं सगळं असतं तरी पूर आलाच असता. झाडं लावली की पूर थांबतो हे मी कुणाला सांगू देणार नाही, कारण त्यावर भरवसा ठेवून माणसं खाली झोपतात."

मास्तर म्हणाले, "थांबला नसता. पण सावकाश आला असता, जरा कमी आला असता."

"जरा कमीने भागत नाही. असं पाणी साठवायला जागाच लागते. मुद्दाम बुडू देता येईल अशी जागा."

म्हणजे काँक्रीटवाला शिऱ्याच फिरून जागेच्या मुद्द्यावर आला. मास्तरांचा चेहरा खुलला. "पुण्याला ती रीत नवी नाही. पर्वतीच्या पायथ्याशी तळं होतं, मधल्या बेटावर गणपती. आजही सारसबागेतल्या गणपतीला तळ्यातला गणपती म्हणतात. नाव राहिलं, तळं गेलं. कात्रजला नानासाहेब पेशव्यांनी तलाव बांधला तो पिण्याच्या पाण्यासाठी, बंद नळातून पाणी शहरातल्या हौदांपर्यंत यायचं. पाणी अडवायचं, थांबवायचं, मग पुढे सोडायचं. आपण मधलं थांबवायचं तेवढं काढून टाकलं."

"नवी मुंबईत आहे की अजून," शिऱ्या म्हणाला. "सिडकोने धारण तलाव बांधलेत. शहराचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली. भरती आली की खाडीकडची दारं मिटतात, तेवढा वेळ पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला जातं. फार हुशारीचं काम आहे. पण त्यात गाळ साठला, कांदळवन वाढलं. आता गाळ काढायचा तर कांदळवनाला परवानगीशिवाय हात लावता येत नाही. निसर्गावर काम सोपवलं तरी देखभाल सुटत नाही. तुम्ही लोक हे कधी बोलत नाही."

हे 'तुम्ही लोक' मला उद्देशून होतं, आणि खरं होतं. वृक्षारोपणाच्या दिवशी फोटो निघतात, मे महिन्यात त्या रोपाला पाणी घालायला कोण जातं? आमच्या टेकड्यांवर किती वर्षं नुसतं बाहेरून आणलेलं गिरीपुष्प लावलं. पटकन हिरवं दिसतं म्हणून. ज्या उतारावर गवत होतं, तिथे गवतच माती धरून ठेवत होतं. धावडा, सालई, मोई ही इथली झाडं हळू वाढतात, पण टेकडीचा स्वभाव ओळखून वाढतात. शहरात सामावलेल्या गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानासाठी ९७८ हेक्टरचं आरक्षण आहे. तिथलं गवत आणि दगड जरी जसेच्या तसे राहिले तरी शहरावर उपकार होतील. त्यावरून वेगळा वाद होईल, तो पुन्हा कधीतरी.

देखभालीवरून मला कोलकाता आठवलं आणि मी ते सांगितलं. पूर्व कोलकात्याच्या पाणथळी, साडेबारा हजार हेक्टर. २००२ पासून जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत. शहराचं सांडपाणी उथळ तळ्यांत येतं, ऊन आणि शेवाळ ते शुद्ध करतात, त्यावर मासे वाढतात, तेच पाणी पुढे भाजीला आणि भाताला जातं. ध्रुवज्योती घोष नावाचे सरकारी इंजिनियर, शहराचं सांडपाणी शेवटी जातं कुठे हे शोधत तिथे पोचले, आणि उरलेलं आयुष्य त्यांनी ते राखण्यात घातलं. तळ्यांची राखण मात्र मच्छीमारच करतात. तळं बुजलं तर चूल विझते, म्हणून.

शिऱ्या पहिल्यांदा गप्प बसला. मावशी म्हणाल्या, "मग ओढ्याचं काम आमच्या पोरांना द्या ना. बारा महिने. गाळ काढणं, कचरा अडवणं, काठाला झाड लावलं तर ते जगवणं. पगार द्या. ठेकेदाराची माणसं मेमध्ये येतात, ढीग काठावर ठेवतात, पहिल्या पावसात तोच गाळ परत आत. आम्हाला माहितीये ओढा कुठे तुंबतो. रात्री झोपेतून उठवून विचारा, नेमकी जागा दाखवू."

संध्याकाळभरात यापेक्षा शहाणं वाक्य कुणी बोललं नाही. ओढ्याला सगळ्यात जवळून ओळखणारी माणसं आपण अतिक्रमण म्हणून मोजतो. त्यांना हलवायचंच असेल तर आधी जवळपास, चालत कामावर जाता येईल अशा ठिकाणी पक्कं घर द्यावं, आणि तोवर ओढ्याची राखण त्यांच्याकडे पगारी द्यावी. माझं मत एवढं स्पष्ट झालंय.

अंधार पडला, पोकलेन बंद झाला. शिऱ्याने कोटेशनच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर पार्किंगचा नकाशा काढायला घेतला. तो सगळ्यांत जास्त विरोधात होता आणि पेन त्याच्याच हातात होतं. मध्ये गाड्या आहेत तिथे पेव्हर ब्लॉक राहू दे. कंपाउंडच्या कडेने, करंजाच्या रांगेला धरून दीड मीटरचा पट्टा उघडा करायचा, पार्किंगपेक्षा वीतभर खोल. उतार त्या बाजूला आहेच. त्यात खडी, वाळू, वर माती आणि पाचोळा. भरून वाहिला तर जास्तीचं पाणी जाळीतून गटारात. मागचं मुलांचं खेळायचं मैदान चाळीस बाय पंचवीस मीटर. ते अर्धा मीटर खाली घेतलं तर पाच लाख लिटर पाणी काही तास थांबेल, दुसऱ्या दिवशी मुलं खेळतील.

"दुसऱ्या दिवशी चिखल असेल," वहिनी म्हणाल्या.

"मग तिसऱ्या दिवशी," शिऱ्या म्हणाला.

मैदानाचा विषय सभेत टिकणार नाही असं वहिनींना वाटतं. लोक म्हणतील मुलं बुडतील. शिऱ्या म्हणतो, गुडघाभर पाणी आणि कुंपण. ते भांडण रविवारी व्हायचंय. करंजाच्या पट्ट्याला मात्र त्या तयार झाल्या, काँक्रीटच्या निम्म्याही खर्चात होतो म्हणून. अण्णांनी पट्ट्यात दोन ठिकाणी आधी खणून खडक बघायची अट घातली.

बुंध्याभोवतीच्या सिमेंटला सभेची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा छन्नी-हातोडा घेऊन आले, मुळांना धक्का न लावता हळूहळू तीन झाडं मोकळी केली. वॉचमनच्या खोलीमागचा पाचोळा आम्ही घमेल्यांनी आणून भोवती पसरला.

मंगळवारी संध्याकाळी वळीव आला. अर्धा तास, पण झोडपून काढलं. मी छत्री घेऊन फाटकाशी उभा होतो. तीन करंजांभोवती पाणी साचायचं, क्षणभर फेस दिसायचा, आणि खाली जायचं. बाकीच्या सगळ्या पार्किंगचं पाणी नेहमीसारखं फाटकातून उताराला लागलं होतं. चहाची गाडी झाकलेली होती. मावशी पहिला थेंब पडताच घरी गेल्या होत्या, सामान माळ्यावर चढवायला.